‘आम्ही’ म्हणायचं की ‘आपण’?

मराठीत ‘मी’चं अनेकवचन करायला दोन शब्द आहेत. ‘आम्ही निघालो’ म्हटलं की ऐकणारा जागच्या जागी राहतो. ‘आपण निघू या’ म्हटलं की तोही पायात चपला सरकवायला लागतो. (‘आपण’चा आदरार्थी ‘तुम्ही’ असाही अर्थ होतो, तो इथे सोडून देऊ.) इंग्रजीत किंवा हिंदीत दोन्हींचं काम एकाच शब्दावर भागतं. मराठी माणसाला मात्र समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे तोंड उघडतानाच ठरवावं लागतं. आणि तो ते इतक्या सहज ठरवतो की आपण काही ठरवलं हे त्याच्या गावीही नसतं.

गटामुळे माणूस कसा बदलतो हे समजून घ्यायला ही जोडी फार उपयोगी पडते. एरवी आपल्या डोक्यात असं चित्र असतं की आत कुठेतरी एक शुद्ध, खरा ‘मी’ आहे आणि बाहेरून गट त्याच्यावर दाब आणतो. दाब येतोच, त्याबद्दल पुढे बोलूच. पण गेल्या सत्तर वर्षांतले प्रयोग बघितले तर बऱ्याच वेळा दाब आणायला बाहेर कुणी उभंच नसतं. गट आधीपासून ‘मी’च्या आत येऊन बसलेला असतो.

1970 च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाला एक साधा प्रश्न पडला होता. दोन गटांत भेदभाव सुरू व्हायला कमीत कमी काय लागतं? जुनं वैर, पैशांची चढाओढ, वेगळी भाषा, वेगळा वर्ण, असं सगळं काढून टाकलं तर उरतं काय? त्यांनी ठरवलं की जिथे गटाला काहीच अर्थ नाही अशा ठिकाणापासून सुरुवात करायची आणि मग एकेक गोष्ट वाढवत कुठे ठिणगी पडते ते बघायचं. पंचाईत अशी झाली की ठिणगी शून्यावरच पडली.

प्रयोग शाळकरी मुलांवर होता, वय 14-15. पहिल्या फेरीत 64 मुलं होती. पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके क्षणभर दाखवायचे आणि किती ठिपके होते याचा अंदाज लिहून घ्यायचा. मग एकेका मुलाला सांगायचं, तू जास्त अंदाज करणाऱ्यांच्या गटातला, किंवा तू कमी अंदाज करणाऱ्यांच्या. दुसऱ्या फेरीत ठिपक्यांऐवजी क्ले आणि कांडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीप्रमाणे गट पडले असं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी दोन्ही वेळा निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात कोण आहे हे कुणालाच कळत नव्हतं. गटाची बैठक नाही, गप्पा नाहीत, पुढे भेटण्याचा प्रश्न नाही.

मग प्रत्येक मुलगा एकटा बसून एक वही भरायचा. त्यातलं एक पान जरा जवळून बघू. पानावर आकड्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीत 7, 8, 9 असं करत 19 पर्यंत. खालच्या ओळीत 1, 3, 5 असं करत 25 पर्यंत. एकूण 13 रकाने. समजा वरचा आकडा तुमच्या गटातल्या कुणा मुलाला मिळणार आणि खालचा दुसऱ्या गटातल्या. दोघांची नावं नाहीत, फक्त क्रमांक. आकड्यांचे शेवटी खरे पैसे होणार, पण या पानावरून तुम्हाला स्वतःला छदामही मिळणार नाही. एका रकान्यावर खूण करायची.

शेवटचा रकाना घेतला तर तुमच्या गटातल्याला 19 मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त. पण समोरच्याला 25. मधला घेतला तर दोघांना 13-13. पहिला घेतला तर तुमच्यातल्याला 7 आणि समोरच्याला 1. स्वतःच्या माणसाचं भलं करायचं असेल तर शेवटचा रकाना सरळ दिसतो. तरी मुलांचा कल पहिल्या टोकाच्या बाजूला झुकला. आपल्या माणसाला कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्याला त्याच्यापेक्षा जास्त नको.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण हा प्रयोग सांगताना ती बहुतेक वेळा गाळली जाते. सगळी मुलं धावत जाऊन 7 आणि 1 वर खूण करत नव्हती. न्यायाने वाटण्याची ओढही स्पष्ट दिसत होती, आणि दोन्ही क्रमांक एकाच गटातले असले की मुलं बऱ्यापैकी समान वाटत. गटाची रेघ मध्ये आली की तराजू किंचित कलायचा. मला हा किंचितपणाच जास्त भीतिदायक वाटतो. उघड दुष्टपणा लोकांच्या नजरेत भरतो. थोडासा कल कुणाच्या लक्षातच येत नाही, ज्याचा तो असतो त्याच्याही नाही. पुढे 1973 मध्ये ताजफेल आणि मायकेल बिलिग यांनी मुलांना चक्क सांगून टाकलं की गट नाणं उडवून पाडलेत. कल तरीही राहिला.

या सगळ्यातून ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी 1979 मध्ये सामाजिक ओळखीचा सिद्धांत मांडला. ‘मी कोण?’ या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग माझ्या स्वतःच्या गुणांतून येतो आणि एक भाग मी ज्यांच्यातला आहे त्यांच्यातून. गटाची मान वर झाली की माझीही होते. आणि वर म्हणजे कुणाच्या वर? दुसऱ्या गटाच्या. म्हणून नुसते 19 पुरत नाहीत, समोरच्याचे 25 खुपतात. सामना बघणाऱ्या माणसाचं बोलणं ऐका. संघ जिंकला की ‘आपण जिंकलो’, हरला की ‘काय घाण खेळले हे लोक’. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये हेच मोजून दाखवलं. विद्यापीठाचा संघ जिंकला की पुढच्या सोमवारी त्या विद्यापीठाचं नाव असलेले कपडे वर्गात जास्त दिसायचे.

ताजफेल यांना हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नव्हता. ते पोलंडमध्ये 1919 साली ज्यू कुटुंबात जन्मले. शिकायला फ्रान्समध्ये गेले, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि जर्मनांच्या हाती सापडले. युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांनी आपण ज्यू आहोत हे लपवलं नाही, पण पोलिश असल्याचं लपवलं आणि फ्रेंच म्हणून दिवस काढले. माणूस तोच, स्वभाव तोच, पहारेकऱ्यांशी ओळखपाळख तीच. पण ‘पोलिश ज्यू’ हे कळलं असतं तर बाकी कशाचा काही उपयोग झाला नसता. युद्ध संपल्यावर घरी बघायला गेले तर घरातलं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. या माणसाने पुढे भेदभावाचं मूळ शोधायला मुलांना ठिपके मोजायला लावले, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

नाममात्र गटात इतकं होतं, तर खऱ्या गटात काय होत असेल? त्यासाठी 1954 च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह या जंगलातल्या छावणीकडे वळावं लागतं. तुर्कस्तानात जन्मलेले मुझफर शरीफ हे मानसशास्त्रज्ञ तिथे छावणीचा साधा कामगार बनून वावरत होते. एका वयाचे, एकसारख्या घरांतले 22 मुलगे दोन तुकड्यांत वेगवेगळे आणले होते. आठवडाभर एका तुकडीला दुसरी आहे याचा पत्ताच नव्हता. त्या आठवड्यात प्रत्येक तुकडीचे नेते ठरले, टोपणनावं पडली, काय चालतं नि काय चालत नाही हे ठरलं. एकांनी स्वतःला रॅटलर्स म्हणवून घेतलं, दुसऱ्यांनी ईगल्स.

मग दोघांना एकमेकांचा सुगावा लागू दिला आणि स्पर्धा लावली. पुढचं ठाऊक असल्यासारखंच घडलं. शिव्या, झेंडा जाळणं, रात्री दुसऱ्यांच्या खोलीवर धाड. पण मला त्यातली एक बारीक गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. रॅटलर्स हे शिवराळ गडी. एक सामना जिंकल्यावर ईगल्सच्या मनाने घेतलं की आपण प्रार्थना केली म्हणून जिंकलो आणि ते शिव्या देतात म्हणून हरले. झालं. ईगल्सनी ठरवलं की यापुढे आपल्यात शिवी द्यायची नाही. सभ्यपणाचा हा नियम कुठल्या शिक्षकाने घातला नव्हता. ‘ते’ जे करतात ते ‘आम्ही’ करत नाही, एवढ्याच पायावर तो उभा होता. आपल्या चालीरीती आपण तत्त्वातून उचलल्या असं आपल्याला वाटत असतं. त्यातल्या कितीतरी शेजारच्याकडे बघून, त्याच्या उलट ठरलेल्या असतात.

भांडण लावणं सोपं गेलं, मिटवणं नाही. आधी दोन्ही तुकड्यांना नुसतं एकत्र आणून बघितलं, एका ठिकाणी जेवायला बसवलं. ताटातलं अन्न एकमेकांवर फेकण्यात जेवणं उरकली. मग शरीफ यांनी अडचणी उभ्या केल्या, एका तुकडीला एकटीने न सुटणाऱ्या. छावणीचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांना मिळून टाकीवर बिघाड शोधावा लागला. जेवण आणायला जाणारा ट्रक सुरू होईना. मुलांनी दोर आणला आणि दोन्ही तुकड्यांनी मिळून ट्रक ओढला. हा दोर रस्सीखेचीचा होता. काही दिवसांपूर्वी याच दोराच्या दोन टोकांना हीच मुलं एकमेकांविरुद्ध जोर लावत होती. निघायच्या दिवशी सगळे एकाच बसमधून गेले, आणि वाटेत रॅटलर्सनी बक्षिसाचे जिंकलेले पाच डॉलर सगळ्यांच्या पेयावर खर्च केले.

ही गोष्ट फार गोंडस वाटायला लागली तर तिच्या एक वर्ष आधीची गोष्ट सांगायला हवी. 1953 मध्ये शरीफ यांनी असाच प्रयोग दुसरीकडे केला होता. तिथे मुलं आधी एकत्र राहिली, दोस्ती झाली आणि मग त्यांचे दोन गट पाडले. भांडण लागेचना. मोठ्यांनीच खोड्या काढून कळ लावायचा प्रयत्न केला तेव्हा मुलांना संशय आला तो या मोठ्यांचाच. प्रयोग गुंडाळावा लागला. थोडक्यात, गट पाडला की वैर आलंच असं काही यंत्रासारखं घडत नाही. आधीची मैत्री मध्ये उभी राहू शकते.

संकटाने रेघ कशी हलते ते मी एकदा एका बंद लिफ्टमध्ये बघितलं आहे. आम्ही पाच जण होतो, कुणी कुणाचं नव्हतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. पहिली दोन मिनिटं प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये. मग एक बाई म्हणाल्या, “आपण परत घंटा दाबून बघू या का?” त्या ‘आपण’नंतर हवाच बदलली. एकाने टॉर्च लावला, पाण्याची बाटली फिरली, घाबरलेल्या एका मुलाला सगळ्यांनी मिळून बोलतं केलं. दार उघडल्यावर बाहेरच्या माणसाने विचारलं, “किती जण होतात?” त्याच बाईंनी उत्तर दिलं, “आम्ही पाच.” पाऊण तासात एक गट जन्मला होता, आणि बाहेरचा माणूस त्यात नव्हता.

गट वागणं बदलतो, त्याच्या आधी तो नजर बदलतो. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण ज्याने केली त्याला प्रयोगशाळेची गरज नव्हती, तरी पुरावा आहे. 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकी संस्थांमध्ये फुटबॉलचा एक फार आडदांड सामना झाला. एकाचं नाक मोडलं, एकाचा पाय. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच चित्रफीत दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे सरासरी 9.8 नियमभंग दिसले, डार्टमथच्या विद्यार्थ्यांना त्याच संघाचे 4.3. दोन्हीकडचे विद्यार्थी प्रामाणिकपणे मोजत होते. म्हणूनच अशा वादात ‘जरा नीट बघ’ म्हणून काही साधत नाही. समोरचा नीटच बघत असतो.

दाबाचंही बघून घेऊ. सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात रेघांच्या लांबीचा एक अगदी सोपा प्रश्न विचारला. खोलीतले बाकी सगळे त्यांना फितूर होते आणि ठरवून चुकीचं उत्तर देत होते. खऱ्या उमेदवारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक एकदा तरी डोळ्यांना धडधडीत दिसणारं सोडून बाकीच्यांच्या मागे गेले. पण खोलीत एक जरी माणूस बरोबर बोलणारा असला की हे वाहवत जाणं पार खाली यायचं. एकटं पडणं आणि दोघं असणं यात जेवढं अंतर आहे तेवढं दोघं आणि दहा यात नाही.

आता नात्यांकडे येऊ. मित्र आपण निवडतो असं आपल्याला वाटतं. जर्मनीतल्या लाइप्झिग विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी चिठ्ठी काढून जागा दिल्या होत्या. वर्षभरानंतर विचारलं तर त्या दिवशी शेजारी बसलेल्यांमध्ये मैत्री जास्त निघाली. नवल पुढेच आहे. शेजारी नाही पण त्याच रांगेत बसलेल्यांमध्येही ती जास्त होती. रांग हाही गटच झाला म्हणायचा. एका चिठ्ठीवर कुणाचा जिवलग ठरला असेल, आणि आज तो सांगत असेल, “पहिल्या दिवसापासून आमचं जमलं.” ते खोटंही नाही.

आत येताना त्रास झाला असेल तर गट आणखी गोड लागतो. 1959 मध्ये एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांनी एका चर्चागटात प्रवेश देण्याआधी काही तरुणींना लाज वाटेल असं मोठ्याने वाचायला लावलं. नंतर त्या गटाची ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ केलेली होती. ज्यांनी जास्त सोसलं होतं त्यांनाच ती जास्त रंजक वाटली. एवढं करून आत आलो, तर आतलं चांगलंच असणार!

आणि बाहेर काढलं तर? वाळीत टाकणं ही शिक्षा माणसाला का लागते, हे मानसशास्त्रज्ञ किप्लिंग विल्यम्स यांना एका बागेत कळलं. ते बसले होते, दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी येऊन त्यांना लागली. त्यांनी परत टाकली, त्या दोघांनी पुन्हा यांच्याकडे टाकली, थोडा वेळ तिघांचा खेळ चालला. मग एकाएकी त्या दोघांनी यांच्याकडे टाकणं बंद केलं. नावंही माहीत नसलेल्या माणसांनी खेळातून वगळलं आणि जिव्हारी लागलं. यावरून त्यांनी संगणकावरचा चेंडू झेलण्याचा खेळ केला. तुमच्याकडे चेंडू येणं बंद होतं, बस. पलीकडे माणूस नाही, संगणकच आहे हे माहीत असलं तरी लोकांना लागतं. पलीकडचे खेळाडू तुम्हाला तिरस्कार असलेल्या वर्णद्वेषी संघटनेचे आहेत असं सांगितलं तरीही लागतं. चार जणांच्या मोबाइल गटाला समांतर असा तिघांचा गट असल्याचं चौथ्याला कळतं, तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तो हाच. तिथे ‘एवढं काय त्यात’ म्हणणारा माणूस सहसा त्या तिघांतला असतो.

आतल्या माणसाला गट सगळं माफ करतो असं मात्र नाही. बेल्जियममधल्या प्रयोगांत 1980 च्या दशकात दिसलं की आपल्यातला वाईट वागला तर त्याला परक्या वाईट माणसापेक्षाही खालचं माप मिळतं. घरचा भेदी शत्रूपेक्षा जास्त सलतो, कारण तो ‘आम्ही’ या शब्दाचीच किंमत कमी करतो.

मॅरिलिन ब्रूअर यांनी 1999 मध्ये एक महत्त्वाचा मुद्दा काढला. भेदभाव म्हटलं की आपल्याला द्वेष आठवतो, पण बराचसा भेदभाव परक्याच्या रागापेक्षा आपल्याच्या मायेतून होतो. मुलाखतीला दोन सारखे उमेदवार आहेत. एक घेणाऱ्याच्याच कॉलेजातला निघतो. त्याच्याशी पाच मिनिटं जास्त बोलणं होतं, अडखळला तर प्रश्न फिरवून विचारला जातो. दुसऱ्याशी कुणी वाईट वागलेलं नसतं. त्याला फक्त ती पाच मिनिटं मिळत नाहीत, आणि त्याला ते कधी कळतही नाही.

शेवटचा प्रयोग इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातला, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला. मार्क लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना बोलावलं. आधी त्यांना आपल्या संघावरच्या प्रेमाबद्दल लिहायला लावलं, मग काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या इमारतीकडे पाठवलं. वाटेत एक धावणारा माणूस घसरून पडतो आणि घोटा धरून कण्हायला लागतो. कधी त्याच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा शर्ट, कधी कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा, कधी साधा. आपला शर्ट बघून 13 पैकी 12 जण मदतीला थांबले. लिव्हरपूलचा शर्ट बघून 10 पैकी 3.

मग तोच प्रयोग पुन्हा केला, फक्त सुरुवातीला लिहिण्याचा विषय बदलला. या वेळी संघाबद्दल लिहायचं नव्हतं, फुटबॉलचे चाहते असण्याबद्दल लिहायचं होतं. चाहते मँचेस्टर युनायटेडचेच. दोन-चार प्रश्न बदलल्याने ‘आम्ही’ची रेघ सरकली आणि लिव्हरपूलचा शर्ट आत आला. त्या शर्टातल्या माणसासाठी आता 10 पैकी 7 जण थांबले.

साधा शर्ट घातलेल्या माणसासाठी मात्र 9 पैकी 2 जणच थांबले.